पुण्याला शाखा आहे, मग नाशिकला का नाही?

प्रश्न असा आहे: "मी नाशिकचा. एमबीए झालं, आता व्यावसायिक मालमत्तेच्या क्षेत्रात शिरायचं आहे. एका मोठ्या आंतरराष्ट्रीय कंपनीच्या भारतातल्या कार्यालयांची यादी पाहिली. मुंबईत दोन, दिल्ली परिसरात दोन, मग बंगळुरू, पुणे, हैदराबाद, चेन्नई, कोलकाता, अहमदाबाद, शिवाय कोची आणि कोइमतूर. नाशिक नाही, नागपूर नाही, छत्रपती संभाजीनगर नाही. आमच्याकडे कारखाने आहेत, माणसं आहेत, रस्तेही झालेत. या कंपन्या जागा ठरवतात तरी कशा? आणि कार्यालय नाही म्हणजे काम नाही असं समजायचं का?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. कार्यालय नाही म्हणजे काम नाही, असं अजिबात समजू नका. मी २००१ पासून या धंद्यात आहे. सुरुवातीची काही वर्षं मुंबईत, २००६ पासून पुण्यात. आजवरचे माझे सगळ्यात मोठे तीन सौदे ज्या गावांत झाले, तिथं आमचीच काय, कुठल्याच आयपीसीची पाटी नव्हती. सीबीआरई, जेएलएल, कशमन अँड वेकफील्ड, कॉलियर्स, नाइट फ्रँक, सॅव्हिल्स अशा बाहेरून आलेल्या मालमत्ता सल्लागार कंपन्यांना आमच्यात सरसकट आयपीसी म्हणतात. मुलाखतीला जाल तेव्हा हा शब्द कानावर पडेलच.

तुमची गफलत एका ठिकाणी होते आहे आणि ती बहुतेकांची होते. मालमत्तेची कंपनी आहे म्हणजे मालमत्ता जिथं आहे तिथं तिचं कार्यालय असणार, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात शाखा उघडते ती सही करणाऱ्या माणसाच्या जवळ. तीही ती सही दर तीन-पाच वर्षांनी परत करावी लागणार असेल तरच. एवढं धरून यादी पुन्हा वाचलीत तर बरीचशी कोडी आपोआप सुटतील.

आधी पैशाचा हिशेब करू. जागा भाड्यानं लावून दिली की ब्रोकरेज साधारण एक ते दोन महिन्यांच्या भाड्याएवढं मिळतं. समजा पुण्यात खराडीला एका कंपनीनं पन्नास हजार चौरस फूट घेतले आणि भाडं चौरस फुटाला ९० रुपये ठरलं. महिन्याचं भाडं झालं ४५ लाख. एकाच महिन्याचं ब्रोकरेज धरा. असे तीन सौदे झाले की १ कोटी ३५ लाख जमा. पाच-सहा जणांची टीम, जागा, गाड्या, विमानभाडी असा छोट्या शाखेचा वर्षाचा खर्च त्यात भागतो. आता नाशिकला या. समजा गंगापूर रोडला किंवा कॉलेज रोडला पाच हजार चौरस फूट, भाव ४५ रुपये. महिन्याचं भाडं सव्वादोन लाख. तेवढेच १ कोटी ३५ लाख मिळवायला असे साठ सौदे लागतील, म्हणजे आठवड्याला एकापेक्षा जास्त. पाच हजार फुटांच्या सौद्याला पन्नास हजारांच्या सौद्यापेक्षा कमी वेळ लागतो, असं कुणी सांगितलं तर त्या माणसानं कधी सौदा केलेला नाही हे ओळखा. उलट छोट्या जागेचा मालक स्वतः बसून कराराची ओळ न ओळ वाचतो, सोसायटीची एनओसी अडते, आणि शेवटच्या दिवशी त्याचा मेहुणा वकील म्हणून हजर होतो.

आकडे मी समजण्यासाठी घेतलेत, वरखाली करून पाहा. शाखा उघडायची की नाही हे शेवटी अशाच कागदावर ठरतं. आमच्याकडे त्याला शाखेचा पी अँड एल, म्हणजे नफा-तोट्याचा हिशेब म्हणतात. लोकसंख्या, शहराची वाढ, स्मार्ट सिटी वगैरे सगळं सादरीकरणाच्या पहिल्या चार पानांत येतं आणि पाचव्या पानावर हा हिशेब आला की विसरलं जातं.

आता भिवंडी. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर नाशिकपेक्षा भिवंडीत सापडतं.

माणकोली नाक्यावरून आत वळा, दापोडे, राहनाळ, पूर्णा, नाहीतर नाशिक महामार्गानं पुढं पडघ्यापर्यंत जा. देशातल्या सगळ्यात मोठ्या गोदामपट्ट्यांपैकी हा एक. मुंबईची जकात चुकवण्याइतका बाहेर आणि मुंबईला माल पोचवण्याइतका जवळ, म्हणून हा पट्टा वाढला. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, जकात गेली, तरी गोदामं हलली नाहीत. उलट छोट्या पत्र्याच्या गाळ्यांच्या जागी मोठी, उंच गोदामं उभी राहायला लागली. इथं एकेक सौदा दोन-तीन लाख चौरस फुटांचा होतो. दोन लाख फूट, समजा २० रुपये भाव, महिन्याचं भाडं ४० लाख. म्हणजे वर खराडीत पाहिलेल्या सौद्याच्या जवळपास. या हिशेबानं प्रत्येक आयपीसीचं भिवंडीत दुमजली कार्यालय हवं.

एकाचंही नाही. आमच्या लोकांच्या बैठका ढाब्यावर होतात, नाहीतर मालकाच्या गोदामातल्या केबिनमध्ये, आणि पाऊस असेल तर गाडीत. कारण गोदाम घेणारा भिवंडीत बसत नाही. ई-कॉमर्स कंपनीचा सप्लाय चेनचा प्रमुख बंगळुरूला किंवा गुरुग्रामला असतो, औषध कंपनीचा अंधेरीला, लॉजिस्टिक्सवाल्याचा बीकेसीत. तो वर्षातून दोनदा भिवंडीत येतो, जमिनीची भार सोसण्याची ताकद, छताची उंची, ट्रक लावायचे डॉक आणि अग्निशमनाची परवानगी बघतो, आणि तीन तासांत परत जातो. त्याच्याशी रोज बोलणारा आमचा माणूस त्याच्या शहरात असावा लागतो. भिवंडीच्या बाजूनं जो लागतो तो सातबारा, एनए, रस्त्याचा हक्क आणि कुठल्या भावाचा कुठल्या भावाशी वाद आहे हे जाणणारा स्थानिक माणूस. तो कंपनीच्या पगारावर नसतो. बहुतेक वेळा तिथल्याच आगरी कुटुंबातला असतो, त्याची स्वतःची दोन-तीन गोदामं असतात, आणि आमच्या एमबीएवाल्यांना तो "साहेब" म्हणत असला तरी खरा साहेब कोण हे दोघांनाही ठाऊक असतं. सौद्याचं ब्रोकरेज दोघांत वाटलं जातं. पुण्याकडं चाकण, तळेगाव, रांजणगाव इथंही हीच रचना आहे. औद्योगिक जागांचा सगळा धंदा तिकडं, औद्योगिक टीमची खुर्ची मात्र येरवड्यात.

यावरून तुमच्या यादीकडे बघण्याची आणखी एक गोष्ट सुचते. यादीतला प्रत्येक ठिपका सारखा नसतो. एका ठिकाणी तीनशे माणसं बसतात, दुसऱ्या ठिकाणी कोवर्किंगमधली चार टेबलं असतात, आणि दोन्ही ओळी यादीत सारख्याच जाडीच्या अक्षरांत छापलेल्या असतात. काही पत्ते निव्वळ नोंदणीपुरते. रेरामध्ये एजंटची नोंदणी राज्यानुसार करावी लागते, जीएसटीची नोंदणी राज्यानुसार, दुकानं व आस्थापनांचा कायदा प्रत्येक राज्याचा वेगळा. त्यामुळे एखाद्या राज्यात नियमित काम करायचं तर तिथं दाखवायला पत्ता लागतो. परदेशात याहून गंमत आहे. अमेरिकेतल्या काही ब्रँडच्या यादीत शेकडो शहरं दिसतात, पण त्यातली कित्येक कार्यालयं स्थानिक मालकांच्या स्वतंत्र कंपन्या असतात. पाटी एक, गल्ला वेगळा. एनएआय ग्लोबल तर मुळातच अशा स्वतंत्र कंपन्यांचं जाळं आहे.

आणि उलटही होतं. यादीत नसलेल्या गावांत कंपनीची भरपूर माणसं असतात. इमारत सांभाळण्याचं, म्हणजे फॅसिलिटी मॅनेजमेंटचं काम घेतलं की लिफ्ट, एसी, सुरक्षा, साफसफाई बघणारी माणसं ग्राहकाच्याच इमारतीत बसतात. बांधकाम-अंतर्गत सजावटीचं प्रकल्प व्यवस्थापन घेतलं तर इंजिनिअर साइटवरच्या पत्र्याच्या केबिनमध्ये असतो. नाशिकच्या, नागपूरच्या, संभाजीनगरच्या कुठल्या ना कुठल्या कारखान्यात आत्ता या क्षणी आयपीसीचं ओळखपत्र गळ्यात घातलेला माणूस आहे, हे मी पैजेवर सांगतो. फक्त त्याचा पत्ता यादीत येत नाही.

आता नाशिक, संभाजीनगर आणि नागपूर. तिघांची कारणं वेगळी आहेत, पण एक धागा समान आहे, तो म्हणजे एमआयडीसी. महामंडळाची स्थापना १९६२ ची. सातपूर, अंबड, वाळूज, चिकलठाणा, हिंगणा, बुटीबोरी ही सगळी तिचीच कमाई, आणि महाराष्ट्राच्या उद्योगाचा कणा म्हणाल तर तोच. पण एमआयडीसीचा भूखंड उद्योजकाला थेट मिळतो, जाहीर दरानं, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं. मध्ये सल्लागाराला जागा फारशी उरत नाही. एकदा कारखाना बांधला की तो पुढची चाळीस वर्षं तिथंच. तीन वर्षांनी लॉक-इन, म्हणजे जागा न सोडण्याची मुदत, संपत नाही, भाड्यावर पुन्हा घासाघीस होत नाही, "समोरच्या इमारतीत दहा रुपये कमी आहेत" असा फोन करायची संधी येत नाही. संभाजीनगरजवळच्या ऑरिक या औद्योगिक नगरीचंही तेच. शेंद्रा-बिडकीनला मोठे उद्योग आले, येताहेत, पण जमीन सरकारी यंत्रणेकडून थेट. शहरासाठी ही चांगलीच गोष्ट आहे. ब्रोकरसाठी तिथं काही नाही.

याउलट पुण्या-मुंबईतल्या ऑफिसच्या जागा. लीव्ह अँड लायसन्स पाच वर्षांचा, पहिली तीन वर्षं लॉक-इन. किंवा तीन-तीन-तीन असा नऊ वर्षांचा, दर तीन वर्षांनी साधारण पंधरा टक्के वाढ. म्हणजे एकाच ग्राहकाकडे दर तीन वर्षांनी जायला निमित्त मिळतं. नूतनीकरण करायचं, जागा वाढवायची, अर्धी परत करायची, दुसरीकडे हलायचं, हललं की फिट-आउट, म्हणजे आतली सजावट करायची, जुनी जागा होती तशी करून द्यायची. त्या प्रत्येक टप्प्यावर फी आहे. शाखा जगते ती या परतफेऱ्यांवर.

नागपूरची गोष्ट स्वतःची सांगतो, कारण तिथं मी हात पोळून घेतलेत. २००७ साली मी ज्या कंपनीत होतो तिनं नागपूरला शाखा उघडली. विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पाची हवा होती. सेझचा, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रांचा कायदा २००५ मध्ये झाला होता, त्याच वर्षी बांधकामातली परकी गुंतवणूकही मोकळी झाली होती. प्रत्येक सादरीकरणात भारताच्या नकाशावर मधोमध एक लाल ठिपका असायचा आणि त्यातून चारी दिशांना बाण. शाखेची देखरेख पुण्याकडे, म्हणजे माझ्याकडे. सिव्हिल लाइन्समध्ये तीन खोल्या घेतल्या, चार माणसं नेमली, दारावर पितळी पाटी लावली. पहिल्या वर्षभरात सौदे किती झाले? दोन. एका बँकेची शाखा आणि वर्धा रोडला एका टेलिकॉम कंपनीचं छोटं ऑफिस. ज्या मोठ्या आयटी कंपन्यांच्या भरवशावर आम्ही गेलो होतो, त्या जमीन थेट विमानतळ विकास कंपनीकडून घेऊन स्वतःचे परिसर बांधणार होत्या. टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल, आज तिघंही मिहानमध्ये आहेत, आणि त्यात आमच्यासारख्याच्या फीला फारसा वाव नव्हता. हे जाण्याआधी कळायला हवं होतं. डोळ्यांसमोरच होतं. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन बुडाली आणि २००९ उजाडताच आम्ही गाशा गुंडाळला.

पण कंपनीच्या यादीतून नागपूर काढायचं कुणालाच सुचलं नाही. पत्ता दोन वर्षं तसाच छापला जात होता आणि तिथला फोन माझ्या मोबाईलवर वळवलेला. पुण्यात लक्ष्मी रोडच्या गर्दीत उभा राहून मी नागपूरचे फोन घ्यायचो. एकदा एक गृहस्थ थेट सिव्हिल लाइन्सच्या पत्त्यावर जाऊन उभे राहिले, दाराला कुलूप, पाटी जागेवर. तिथूनच फोन केला. मी सांगितलं, शाखा बंद झाली, मी पुण्याहून बोलतोय. ते म्हणाले, "ऑफिस नाही तं बोर्ड कायले ठेवला बाप्पा?" त्या दिवसापासून कुठल्याही कंपनीची यादी वाचताना मला ती पितळी पाटी आठवते.

नाशिकचा अडथळा मात्र निराळा आहे, आणि तो थोडा अन्यायाचाच आहे: नाशिक फार जवळ आहे. मुंबईहून १६५-१७० किलोमीटर, पुण्याहून दोनशेच्या आसपास. सकाळी निघून दोन साइट दाखवून, जेवून, रात्री घरी. आमच्यात शाखेचा एक न लिहिलेला नियम आहे: जिथं मुक्काम करावा लागत नाही तिथं शाखा लागत नाही. कोइमतूर आणि कोची तुमच्या यादीत का आहेत याचं निम्मं उत्तर यात आहे. कोइमतूर चेन्नईपासून पाचशे किलोमीटर. कोची तर वेगळं राज्य, वेगळी भाषा, वेगळे नोंदणीचे नियम, शिवाय इन्फोपार्क हा आयटी पार्क आणि मॉलचा धंदा. चेन्नईचा माणूस तिथं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणारा नव्हे. या न्यायानं नागपूरला शाखा हवी होती. ती का टिकली नाही ते वर सांगितलंच.

एका गोष्टीकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. या कंपन्या दर तिमाहीला ऑफिस बाजाराचे अहवाल काढतात. कुणाच्या अहवालात सात शहरं असतात, नाइट फ्रँकच्या आठ, त्यात अहमदाबाद असतं. ही शहरं कशी ठरतात? जिथं शाखा आहे, तिथली भाडी आणि रिकाम्या जागा रोजच्या कामातून कळतात, म्हणून तिथला अहवाल निघतो. मग अमेरिकेतली एखादी कंपनी भारतात केंद्र काढायचं ठरवते, हाच अहवाल उघडते आणि सातातलं एक शहर निवडते. देशात परदेशी कंपन्यांची अशी १,७०० हून जास्त केंद्रं, म्हणजे जीसीसी आहेत आणि ती मूठभर महानगरांत दाटलेली आहेत. त्यामागं मनुष्यबळ, विमानतळ, शाळा ही मोठी कारणं आहेतच. पण ज्या शहराचा आकडाच कुणी छापत नाही, ते शहर बाहेरच्या माणसाच्या पहिल्या यादीत येत नाही, हेही खरं. शाखा नाही म्हणून आकडे नाहीत, आकडे नाहीत म्हणून ग्राहक नाही, ग्राहक नाही म्हणून शाखा नाही. नाशिकच्या बिल्डर मंडळींनी यावर कधीतरी एकत्र बसायला हवं. प्रत्येकाच्या कपाटात भाड्याचे करार पडून आहेत, ते एका तक्त्यात यायला काय हरकत आहे? पण शेजाऱ्याला आपलं भाडं कळता कामा नये, ही आपली रीत.

सल्लागार सोडून मालक कंपन्यांकडे बघितलं तर हा नकाशा आणखी आवळलेला दिसतो. एम्बसी ऑफिस पार्क्स हा देशातला पहिला रीट, म्हणजे भाड्यानं दिलेल्या इमारतींची मालकी वाट्यावाट्यानं विकणारा ट्रस्ट. तो एप्रिल २०१९ मध्ये शेअर बाजारात आला. त्याच्या इमारती बंगळुरू, मुंबई, पुणे, नोएडा आणि नंतर चेन्नई इथं. पुण्यातल्या तिन्ही हिंजवडीत. माइंडस्पेस हा रीट ऑगस्ट २०२० मध्ये आला. मुंबई परिसर, पुणे, हैदराबाद, चेन्नई. पुण्यात येरवडा, खराडी, नगर रोड. गंमत बघा, एकाचं पुणं पूर्ण पश्चिमेला आणि दुसऱ्याचं पूर्ण पूर्वेला. मात्र मॉलवाल्या नेक्सस सिलेक्ट ट्रस्टची यादी काढा. मे २०२३ मध्ये आला तेव्हा त्याच्याकडे १४ शहरांत १७ मॉल होते आणि त्यात अमृतसर, उदयपूर, भुवनेश्वर, म्हैसूर, मंगळुरू, इंदूर अशी नावं होती. खरेदीला माणूस आपल्याच गावात बाहेर पडतो, म्हणून मॉल लोकसंख्येमागं जातो. ऑफिस दुसऱ्या ऑफिसच्या मागं जातं. त्यामुळे "आमच्याकडे लोकसंख्या आहे" हा तुमचा मुद्दा मॉलच्या बाबतीत तोलाचा आहे, ऑफिसच्या बाबतीत त्याला वजन नाही.

शहरातल्या शहरात जागा कशी निवडतात हेही विचारायला हवं होतंत, कारण नोकरी लागली की रोजचं आयुष्य त्यावर ठरतं. आयपीसी भारतात आल्या नव्वदच्या दशकाच्या मध्याला, सीबीआरई १९९४ मध्ये, नाइट फ्रँक १९९५ मध्ये. तेव्हा मुंबईत ऑफिस म्हणजे फोर्ट, बॅलार्ड इस्टेट आणि नरिमन पॉइंट. नरिमन पॉइंटची भाडी त्या काळात जगातल्या सर्वांत महागड्या भाड्यांत मोजली जायची. मी लागलो तेव्हा आमचं ऑफिस फोर्टमध्येच होतं, हॉर्निमन सर्कलजवळ, उंच छत, लाकडी जिना, उन्हाळ्यातही गार. पण ग्राहक एकेक करून उठून चालले होते. बँका आणि वित्त कंपन्या बीकेसीत, जाहिरात-मीडिया लोअर परळच्या गिरण्यांच्या जागेत, बॅक-ऑफिसं मालाड-गोरेगावला, पुढं ऐरोलीला. आमच्या साहेबांचा फोर्टवर जीव. ते म्हणायचे, खानदानी पेढी इथंच शोभते. २६ जुलै २००५ ला मी कलिन्यात साइट दाखवायला गेलो आणि ती रात्र एका बँकेनं घ्यायला नाकारलेल्या रिकाम्या मजल्यावर, पुठ्ठ्यावर झोपून काढली. पुढच्याच वर्षी ऑफिस मध्य मुंबईत हललं. पुराचा आणि त्याचा संबंध नव्हता, असं साहेब शेवटपर्यंत सांगत राहिले.

यादीत मुंबईची दोन कार्यालयं असतात ती यामुळे. शहर लांबट आहे, आणि दिवसाला तीन बैठका व्हायच्या असतील तर दोन टोकांना दोन ठिकाणं लागतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण झाली. माझा अंदाज असा की आता काही कंपन्या दुसऱ्या कार्यालयाच्या भाड्याकडे तिरक्या नजरेनं बघू लागतील.

पुण्यात बहुतेकांची कार्यालयं बंडगार्डन, कोरेगाव पार्क, येरवडा या पट्ट्यात. कारण लोहगाव विमानतळ. बंगळुरूहून किंवा दिल्लीहून येणारा ग्राहक उतरला की वीस मिनिटांत टेबलाशी. खराडी, विमाननगर, कल्याणीनगर हाताशी. हिंजवडी मात्र शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मुंबईचा ग्राहक द्रुतगती मार्गानं येतो आणि वाकडलाच उतरतो, मग आमचा माणूस पूर्वेहून पश्चिमेला धावतो. नवीन पोरांना मी सांगतो, पहिली साइट साडेआठला हिंजवडीत ठेवा आणि अकराच्या आत तिथून निघा. दुपारनंतर दाखवलेल्या हिंजवडीत कुणी जागा घेतल्याचं मला फारसं आठवत नाही. ग्राहक इमारत बघतच नाही, तो घड्याळ बघतो.

एक अवांतर. इंग्लंडमध्ये याच कंपन्यांची शेतीप्रधान भागांतल्या लहान-मध्यम गावांतही कार्यालयं असतात. सॅव्हिल्सची यादी उघडलीत तर थक्क व्हाल. तिथं शेतजमिनी, जुने वाडे, जंगलं यांची खरेदी-विक्री आणि व्यवस्थापन हा मोठा धंदा आहे. आपल्याकडे शेतजमीन घ्यायची तर शेतकरी असावं लागतं, निदान महाराष्ट्रात कूळ कायद्याचं कलम ६३ तेच सांगतं. त्यामुळे निफाडला किंवा दिंडोरीला सॅव्हिल्सची पाटी इतक्यात दिसणार नाही. द्राक्षं कितीही गोड असोत.

आता तुमचं. नाशिकला राहूनच या कंपनीत काम करायचं असेल तर फॅसिलिटी मॅनेजमेंट किंवा प्रकल्प व्यवस्थापनात बघा, तिथं कारखान्याच्या आवारात बसायला मिळतं. सौद्यांचं काम करायचं असेल तर पुण्याच्या औद्योगिक टीममध्ये अर्ज करा, ऑफिस टीममध्ये नको. अर्जात सातपूर-अंबडच्या जुन्या, बंद पडलेल्या शेड्स तुम्हाला माहीत आहेत हे स्पष्ट लिहा. कुठला भूखंड हस्तांतराला निघाला आहे, एमआयडीसीची हस्तांतर फी कशी लागते, सिन्नरला आणि विल्होळीला गोदामांचा भाव काय चालला आहे, हे पुण्यात बसलेल्या कुणालाही धड माहीत नसतं. भिवंडीतल्या त्या स्थानिक माणसाची जागा नाशिकमध्ये अजून बरीच रिकामी आहे आणि तिला कंपनीच्या पाटीची गरज नाही. अर्ज करण्याआधी महिनाभर स्कूटर घेऊन अंबडमध्ये फिरा, किमान चाळीस शेड्सचा तक्ता करा: क्षेत्रफळ, छताची उंची, विजेचा मंजूर भार, मालक, रिकामी आहे की नाही.

मुलाखतीत शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय का?" म्हणतील. तेव्हा विचारा की नाशिकचं काम सध्या कोणत्या शाखेच्या पी अँड एलमध्ये धरतात, मुंबईच्या की पुण्याच्या. बहुधा मुलाखत घेणारे एकमेकांकडे बघतील. मग तक्ता बाहेर काढा.